सेलाच्या जागी आमेन पडले, त्याची हकीकत

प्रभुकृपा समर्थ. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, भाद्रपद मास, रविवारी सकाळी पावणेदहा वाजता कृपाबाई साळवे यांचे स्तोत्र अर्ध्यावर असता सभेने ‘आमेन’ म्हटले आणि स्तोत्र तेथेच पडले. त्याचे वर्तमान ऐसे. राज्याचे, म्हणजे आमच्या चर्चचे, नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. गादीवर पाळकसाहेब, आणि गायकमंडळीचे सेनापती शांतवनराव पाटोळे. राज्याची चाल पुरातन, की गाणे ते सर्वांनी मिळून गावे, आणि सूर थांबला की शांतवनरावांनी ‘आमेन’ म्हणावे व सभेने ते उचलावे. कृपाबाईंचे यजमान मागील साली निवर्तले, आणि बाईंनी वर्षभर खपून एक स्तोत्र एका कंठास, म्हणजे शाळामास्तरीण नाओमी वाघचौरे हिच्या, व पियानोस बांधिले. पूर्वार्ध विलापाचा, उत्तरार्ध उमेदीचा, आणि मध्ये बायबलातल्या स्तोत्रांतला ‘सेला’ हा शब्द, म्हणजे विसावा. तेथे बाईंनी कंठ व पियानो दोन्ही गप्प ठेविले. सभेने आपले रडणे पाहिले, आता उमेदही ऐकावी, एवढीच बाईंची इच्छा. मग मसलत बसली. शांतवनराव बोलिले, “एकटी नाओमी गाणार, मग आम्ही काय बाकाचे खिळे मोजायचे?” बाई म्हणाल्या, “चार मिनिटं तोंड मिटून बसा, भाऊ. घरी बसताच की!” तेव्हां पाटोळेवहिनी मोठ्याने हसल्या, आणि पाळकसाहेबांनी एका रविवारची परवानगी दिधली.

त्या रविवारी नाओमी गावयास उभी राहिली, बाई पियानोवर बसल्या, पूर्वार्ध फत्ते झाला, आणि सेला आला. सूर थांबला. शांतवनरावांच्या मुखातून सवयीने ‘आमेन’ निघाले, सभेने उचलिले, आणि पाळकसाहेब सूचना वाचू लागले. नाओमीने घेतलेला श्वास तसाच राहिला. बाहेर एका वृद्ध बाईने कृपाबाईंचा हात धरिला आणि म्हणाली, “किती रडवलंस गं! पण शेवट असा का केलास? पुढं काहीच नाही का?”

मग शांतवनराव स्वतः बाईंच्या घरी गेले आणि बोलिले, “चूक माझी. पण ताई, त्या जागी पियानो वाजता ठेवा, म्हणजे कोणी फसणार नाही.” बाई म्हणाल्या, “हे गेले तेव्हा घर गप्पच होतं, भाऊ. तिथं सूर घातला तर सगळं खोटं होईल.” शांतवनरावांनी चहा बशीत ओतून संपविला. मग म्हणाले, “तर ते आमेन मी अडवतो. माझ्याआधी म्हणायची कोणाची छाती नाही.” आणि त्यांनी पाळकसाहेबांकडून दुसरा रविवार मागून घेतला.

तो रविवार आजचा. शांतवनराव सभेकडे तोंड करून, पंजा उगारून उभे आहेत. नाओमीने पूर्वार्ध गायिला आणि सेला लागला. मागील बाकावर कोणी खाकरले, आणि शांतवनरावांनी तिकडे डोळे वटारले.

सारांश, विलाप सर्वांनी ऐकिला आहे. हे लिहून रवाना केले तेव्हां बाईंची बोटे पट्ट्यांवर होती, पियानो वाजला नव्हता, आणि आमेनही पडले नव्हते.