सात नंबरची रेकॉर्ड

मी ते भिंग आणलं नसतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण आमच्या ऑफिसखालच्या स्टेशनरीच्या दुकानात ते टांगलेलं दिसलं आणि म्हटलं, घेऊन टाकू. माणसाची अक्कल चरायला जाते ती अशाच वेळी.

भिंग कशाला, तर रेकॉर्ड बघायला. (ऐकायला नव्हे. ऐकतात ते सामान्य लोक.) बाजारामागच्या गल्लीत एक रेडिओवाला आहे. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, आता जुन्या रॉकच्या रेकॉर्डी विकतो. त्याने मला ज्ञान दिलं होतं. शेवटचं गाणं संपतं तिथपासून मधल्या गोल कागदापर्यंत जो गुळगुळीत पट्टा असतो ना, त्यावर एक बारीक नंबर कोरलेला असतो. त्याच्या शेवटी एक असेल तर ती पहिली खेप, म्हणजे ओरिजिनल. दोन, तीन, चार म्हणजे नंतरच्या खेपा. गाणी तीच, कव्हर तेच, पण मान पहिल्या खेपेला.

मी आवक-जावक विभागात आहे. नंबर वाचणं हा माझा धर्म. कागदात काय लिहिलंय ते मी तेवीस वर्षांत वाचलेलं नाही.

आमच्याकडे रॉकची रेकॉर्ड एकच. कव्हरवर चार केसाळ पोरं कुंपणावर बसलेली. लग्न ठरलं तेव्हा मी ती हिच्या घरी घेऊन गेलो होतो, छाप पाडायला. छाप पडली, लग्नही झालं, पण त्या दिवसापासून रेकॉर्ड दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात एका जागी उडी मारायला लागली. माझा मेहुणा तेव्हा कॉलेजात होता. त्याने ती हातात घेऊन मोठ्या कौतुकाने उलटसुलट फिरवली होती. म्हणजे चरा त्यानेच पाडला, यात शंकेला जागाच नव्हती. आणि मी त्याला ते कधी विसरूही दिलं नाही. आता त्याचे केस पिकले, तरी आमच्याकडे ही रेकॉर्ड लागली की बिचारा दोन्ही हात काखेत घालून बसतो आणि म्हणतो, "भावोजी, मी हात लावत नाही हं!"

तर मी भिंग लावलं. नंबरच्या शेवटी चक्क सात!

"अगं, सातवी खेप निघाली!"

"बरं," ही भाजी निवडता निवडता म्हणाली. "वाजते ना?"

"वाजते कसली, उडी मारते!"

"तीस वर्षं मारतेय. आता काय पाय बांधणार आहात तिचे?"

हिच्याशी शास्त्रीय चर्चा होऊच शकत नाही. लग्नाचा तिसावा वाढदिवस चार दिवसांवर आला होता. मी ठरवलं, हिला चकित करायचं. रेडिओवाल्याकडे तीच रेकॉर्ड होती, चकचकीत, एक चरा नाही, आणि नंबर तीन. सातावरून एकदम तीनवर! (ऑफिसात मला अशी बढती कधी मिळाली नाही.) मी आमची देऊन ती मागितली.

"साहेब, घरची वस्तू आहे, विचार करा," तो म्हणाला.

मी केला नाही.

वाढदिवसाच्या संध्याकाळी हिला खुर्चीत बसवलं आणि शेवटचं गाणं लावलं. ते गाणं असं आहे : एक पोरगा बसस्टॉपवर तिची वाट बघतोय. मग आमच्या रेकॉर्डवर 'खट्' होतं, आणि ती येऊन शेजारी बसते. आम्ही तीस वर्षं ते असंच म्हणत आलो, खट्सकट. हिच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलात रेकॉर्ड कुठली असणार? तिथे मी गाणं पुटपुटलो होतो आणि खट् तोंडाने केलं होतं. ही हसली होती. त्या हसण्यावर मी ती रात्र काढली.

नव्या रेकॉर्डवर खट् झालंच नाही. त्या जागी दोन ओळी आल्या, आम्ही जन्मात न ऐकलेल्या. शेवटची बस जाते, ती येत नाही, आणि बाकावरच त्याचा डोळा लागतो. म्हणजे शेजारी येऊन बसते ती स्वप्नात!

हिचा चेहरा पडला. "ती आलीच नाही?"

"अगं, मुळात गाणं असंच आहे."

"आपली रेकॉर्ड कुठंय?"

"बदलून आणली. आपली सात होती, ही तीन..."

"माझी रेकॉर्ड आणा," ही म्हणाली.

भांडली असती तर बरं झालं असतं. पण ही वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला लागली. सगळ्या घालून झाल्या, तर त्या उलगडून पुन्हा घालायला लागली. मी बायकोचं गाणं देऊन नंबर घेऊन आलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. ऑफिसात मी आवकेतली पत्रं जावकेत नोंदवली आणि आलेली सगळी ज्याची त्याला परत पाठवली. तिसऱ्या दिवशी रेडिओवाला कुलूप काढतोय तोच मी धापा टाकत हजर. वाटेत एकच धास्ती होती. विकली असेल तर?

"आहे ना!" तो म्हणाला. "तुमचीच वाट बघत होतो. अहो साहेब, चरा नव्हताच तो. चहाचा थेंब होता, वाळून दगड झालेला. कोमट पाण्याने अलगद काढला. आणि त्याचाच ओघळ नंबरावर आलेला. इंग्रजी एकाच्या डोक्यावर आडवी रेघ, म्हणून तुम्हाला सात दिसला. पहिली खेप आहे! तुमची तुम्ही घेऊन जा, माझी मला द्या. असली वस्तू मी अशी ठेवून घेणार नाही."

भला माणूस. वर म्हणतो कसा, "साखर मात्र चांगली दोन चमचे असणार हं!"

मी जागच्या जागी हिशोब मांडला. मेहुणा जन्मात चहाला शिवलेला नाही. ही चहा घेते तो बिनसाखरेचा. त्या दिवशी त्या घरात दोन चमचे साखरेचा चहा घेणारा, आणि घेताना हात लटलट कापणारा, इसम एकच होता.

"तो थेंब परत बसवता येईल का हो?" मी विचारलं.

रेडिओवाल्याने आपली रेकॉर्ड काढून घेतली आणि माझी माझ्या हातात ठेवली.

घरी आलो. ही समोर बसली. मी देवाचं नाव घेऊन सुई टेकवली. पोरगा बसस्टॉपवर आला, वाट बघायला लागला, आणि ती जागा आली. खट् झालं नाही. पण गाणं म्हणता म्हणता सवयीने आम्ही दोघांनी एकदम उडी मारली, आणि गाणारा मागेच राहिला! आमच्याकडे ती येऊन शेजारी बसली सुद्धा, आणि तो तिकडे शेवटच्या बसकडे बघतोय. ही खो खो हसत सुटली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही.

"असू दे त्याला तिथेच," ही डोळे पुसत म्हणाली. "आपण पोचलो."

इथे मी थांबायला हवं होतं. पण हिनेच विचारलं, "चरा कुठे गेला हो?" आणि आनंदाच्या भरात मी सगळं सांगून बसलो. थेंब, ओघळ, साखर, सगळं. ही हसायची थांबली.

"दोन चमचे?"

"तो रेडिओवाला आपला अंदाजाने..."

हिने फोन उचलला, भावाला लावला आणि माझ्या हातात दिला. पुढचं संभाषण मी सांगणार नाही.

रविवारी मेहुणा जातीने आला. पहिल्यांदाच ऐटीत, दोन्ही हात मोकळे सोडून. कव्हरातून रेकॉर्ड त्याने काढली, फडक्याने त्यानेच पुसली, सुईही त्यानेच टेकवली. मग वळून म्हणाला, "भावोजी, हात काखेत."

घातले. काय करणार! इतक्यात हिने चहा आणून माझ्यापासून चार हात लांब ठेवला. साखर दोन चमचे, मुद्दाम. काखेत हात घालून चहा पिता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.