कोठार क्रमांक सात

गुरुवारपर्यंत शेवटची चोवीस मडकी सापडली नाहीत, तर संग्रहालयातल्या नगलाची बदली वाळवंटातल्या एका तिकीटखिडकीवर होणार होती. तिथे वर्षाकाठी एक पर्यटक यायचा, तोही रस्ता चुकून. नगलाला चिंता नव्हती. नव्वद वर्षांपूर्वी गोऱ्या साहेबांनी इजिप्तमधल्या मिन्या गावाजवळच्या टेकाडातून उकरलेल्या आणि चार देशांत पांगलेल्या दोनशे मडक्यांचा ठावठिकाणा तिने पत्रं लिहून लिहून लावला होता. एक तर लंडनच्या शाळेत छत्र्या सांभाळत होतं. उरलेली चोवीस तेव्हाच्या पहारेकऱ्याकडे ठेवल्याची नोंद होती.

त्या पहारेकऱ्याचा नातू हाज मेतवल्ली. त्याने आधी भरलेलं कबूतर जेवायला घातलं, मग अंगणातला मातीचा उंच कबुतरखाना दाखवला. भिंतीत मडकी आडवी बसवलेली, आणि प्रत्येकात एक बिऱ्हाड. नगला आत शिडीवर चढली. एका कबुतराला हळूच सरकवलं, तर काठावर काळ्या शाईत उत्खननाचा आकडा. मोजली, चोवीसच्या चोवीस.

"काढावी लागतील, हाज."

"काढा की, डॉक्टर. तेवढं आधी त्यांना विचारा. अंड्यांवर बसलीत."

नगला डॉक्टर नव्हती, पण हाज शिकलेल्या सगळ्यांनाच डॉक्टर म्हणायचा. तिने नवी मडकी देऊ केली.

"नव्या घरात माझी सून लगेच गेली. ही नाही जायची."

मडकी संग्रहालयात येत नसतील, तर संग्रहालयाने मडक्यांकडे जावं, असं नगलाने ठरवलं. तिने नोंदवहीत कबुतरखाना 'कोठार क्रमांक सात' म्हणून चढवला, हाजला कोठारपाल केलं, आणि रिवाजाप्रमाणे खालच्या दाराला दोरा गुंडाळून शिशाची मोहोर ठोकली. कबुतरं वरच्या भोकांतून ये-जा करत राहिली. त्यांना नियम लागू नव्हता. गुरुवारी संचालकांनी सही केली. तिकीटखिडकी टळली.

रविवारी संचालक नगलाला घेऊन स्वतः पाहायला आले, मुद्दाम उपाशीपोटी. हाज दारात खुर्ची टाकून बसला होता.

"मोहोर तोडायला तिघांची समिती लागते, डॉक्टर."

"अहो, मीच लावली ती."

"म्हणून तर ओळखतो. पण दोघंच आलात."

निदान कबूतर तरी, असं संचालकांनी सुचवलं. कोठारातली वस्तू बाहेर काढता येत नाही, असं हाजने कळवलं आणि मसुराची आमटी वाढली.

संचालक भारावले. असं चोख कोठार त्यांनी नोकरीत पाहिलं नव्हतं. "अशा ठिकाणी अधिकारी कायमचा हवा," ते आमटी संपवत म्हणाले.

सोमवारी नगलाचं टेबल कबुतरखान्याखाली लागलं. तिने वर पाहिलं, नोंदवही पुसली, आणि लंडनच्या शाळेला पत्र लिहायला घेतलं. मडक्याची घाई नाही. आधी त्यातली एखादी छत्री पाठवा.