टेबलाखालचा फणस

रत्नागिरी जिल्ह्यात गुन्हे कमी का होतात, याचं कारण पोलिसांना सांगता येणार नाही. महेंद्र सकपाळांना येईल. ते कारण म्हणजे महेंद्र सकपाळ. निदान त्यांचं स्वतःचं तसं मत होतं, आणि स्वतःच्या मताशी ते आजवर कधी असहमत झाले नव्हते. पोफळीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत कारकुनी करून निवृत्त झाल्यावर त्यांनी कार्डं छापून घेतली : 'महेंद्र सकपाळ, खासगी शोधक. नजर घारीची, बुद्धी धारेची, जीभ कुलपातली.' यातलं कुलूप बहुधा पोफळीलाच राहिलं असावं.

त्यांचा साहाय्यक भिकाजी हा त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो रिक्षा चालवायचा. शोधकाला वाहन लागतं, आणि बहिणीच्या नवऱ्याकडे भाडं मागता येत नाही, एवढ्या दोन गोष्टींवर त्याची नेमणूक झाली होती.

मे महिन्यात योगिनीने दोघांना बोलावून घेतलं. योगिनी माहेरची पूर्णगडची, मच्छीमार घरातली. भाट्याच्या रस्त्याला, सासरच्या जागेत, तिने नुकतंच 'अंगण' नावाचं फॅमिली गार्डन रेस्टॉरंट काढलं होतं. झाडांना दिव्यांच्या माळा, पाणी फवारणारे पंखे, पोरांना झोपाळा, आणि सुरमई अशी की माणसाने शेजारच्या टेबलाकडे बघू नये.

"काय चोरीला गेलं?" महेंद्ररावांनी खुर्चीत बसण्याआधीच विचारलं.

"जात काय नाय हो. येतंय. लोक जेवून उठले की टेबलाखाली फणस सापडतो. कधी एक, कधी तीन. कोण ठेवतो कळत नाय."

"कापा की बरका?" भिकाजीने विचारलं.

"सगळे बरके."

भिकाजीला अंदाज आला. घट्ट गऱ्यांचा कापा फणस लोक मागून नेतात. लिबलिबीत बरका लोक देऊन टाकतात. पण साहाय्यकाने मधे बोलायचं नाही असा नियम होता.

"पिकलेल्या बरक्याचा वास तुम्हाला ठाऊक हाय," योगिनी म्हणाली. "मुंबईच्या एका बाईने मोबाइलवर लिहिलंन, 'जेवण उत्तम, वास असह्य.' आणि माझा दीर भावेश टपूनच बसलाय. जागा अर्धी त्याची. म्हणतो, फॅमिली-बिमिली इथे चालायची नाय, पावसाआधी पत्रे ठोकून बार काढू. हा सीझन नासला तर माझं अंगण गेलं, सकपाळकाका."

"ज्याचा फायदा, त्याचा हात," महेंद्रराव म्हणाले. "गुन्हेगार भावेश. निघतो मी."

मात्र दुसऱ्याच दिवशी भावेश कामाला म्हणून सकाळच्या एसटीने दापोलीला गेला, आणि त्याच संध्याकाळी टेबलांखाली नेहमीपेक्षा जास्त फणस निघाले.

"दापोलीत बसून हा माणूस इथे फणस ठेवतो," महेंद्रराव आदराने म्हणाले. "साधा गुन्हेगार नव्हे."

मग त्यांना तस्करीचा वास आला. (फणसाचा सगळ्यांनाच येत होता.) फणसाच्या पोटात काहीतरी दडवलेलं असणार, म्हणून त्यांनी एक फणस हाताला तेल न लावता फोडला. आत गरे निघाले. गऱ्यांत आठळ्या निघाल्या. चिकाने हातातलं भिंग बोटांना चिकटलं ते रात्रीपर्यंत सुटेना, त्यामुळे महेंद्ररावांना जेवतानाही भाताचं प्रत्येक शीत बारकाईने पाहता आलं. आठळ्या त्यांनी पुरावा म्हणून ताब्यात घेतल्या. त्या भिकाजीच्या बहिणीने, म्हणजे करुणाने, उकडून मीठ लावून दिल्या. पुरावा चविष्ट होता.

तिसरी चाल शास्त्रीय होती. सापडलेल्या एका फणसाच्या देठावर महेंद्ररावांनी निळ्या रंगाचा ठिपका दिला आणि तो घरी नेऊन माजघरात ठेवला, तुलनेसाठी. तीन-चार दिवसांत तो निळ्या ठिपक्याचा फणस 'अंगण'मध्ये झोपाळ्याजवळच्या टेबलाखाली सापडला.

"हे फणस चालतात," महेंद्रराव हळू आवाजात म्हणाले.

"भावोजी, तो तुमच्याच घरातून..."

"माझ्या घरात माझ्या नजरेखालून काही हलेल काय? तू रिक्षा बघ."

शेवटी पाळत ठेवायचं ठरलं. महेंद्रराव वेशांतर करून, म्हणजे काळा चष्मा लावून, दारापाशी बसले. चष्म्यातून दिव्यांच्या माळासुद्धा दिसेनात, पण शोधकाला दिसण्यापेक्षा जाणवतं जास्त. भिकाजी कोकम सरबत पीत होता. अंगण गच्च भरलं होतं. मुंबईहून सुट्टीला आलेले चाकरमानी, त्यांच्या बायका, आत्या, पोरं. पोरं झोपाळ्यावर भांडत होती, पंखे गरम वारा ओला करून वाटत होते.

एक आजी आत आल्या. छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, त्याला दुपट्याच्याच रंगाचं टोपरं. मागे मुलगा, सून.

महेंद्रराव सौजन्याने उठले. "काय गुणी बाळ आहे! रडणं नाही, काही नाही."

"आमच्याकडे सगळेच शांत," आजी म्हणाल्या.

"वजनही चांगलं धरलंय. किती दिवसांचं?"

"आजच उतर..." आजी म्हणाल्या, आणि सून मोठ्याने खोकली.

"टोपरं नीट बांधा, वारा आहे," एवढा सल्ला देऊन महेंद्रराव जाग्यावर बसले.

कुटुंब जेवलं. पोटभर जेवलं. आजींनी वर आईस्क्रीमही मागवलं. मग ते उठून निघाले, आणि भिकाजीला वाटलं, काहीतरी कमी आहे.

"भावोजी, ते बाळ..."

"बाळाचं सोड, टेबलाखाली बघ!"

भिकाजीने बघितलं. टेबलाखाली दुपट्यात गुंडाळलेला फणस होता. त्याने टोपरं घातलं होतं.

महेंद्ररावांचा चेहरा उजळला. सगळे धागे जुळले होते. ते ओरडत फाटकाकडे धावले, वाटेत झोपाळ्याला धडकले, पण थांबले नाहीत. "थांबा! अपहरण! तुमचं बाळ पळवलंय, आणि त्याच्या जागी फणस ठेवलाय!"

गाडीच्या खिडकीतून आजींनी डोकं बाहेर काढलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "उद्या नेऊ."

गाडी गेली. अंगणातल्या अनेकांनी पाय जवळ ओढून घेतले, आणि पायांजवळच्या पिशव्या कुरकुरल्या.

"झालं का नाटक?" कोपऱ्यातून आवाज आला. तिथे करुणा बसली होती. नवरा रोज इथेच जेवतो, तेव्हा आपणही अधूनमधून जेवावं म्हणून ती येत असे. महेंद्ररावांना ती दिसली नव्हती, कारण ती संशयितांत नव्हती. तिच्या खुर्चीखाली एक फुगलेली पिशवी होती.

"अहो, मे महिन्यात दर घरी शेजारीण फणस आणून देते. नको म्हटलं तर तिला राग. टाकून दिला तर अन्नाचा अपमान. घरात खाणारी तोंडं थकली. मग काय करायचं? विसरायचा! निळ्या ठिपक्याचा मीच विसरले होते."

"पुराव्याशी छेडछाड!" महेंद्रराव म्हणाले.

"माजघरात झोपवत नव्हतं. पुराव्याला वास मारत होता."

महेंद्ररावांनी प्रकरण सुटल्याचं जाहीर केलं आणि फाटकावर स्वतःच्या हाताने पाटी लावली : 'कृपया आपले सामान विसरू नये. नजर आहे.'

दुसऱ्या संध्याकाळी एकही फणस सापडला नाही. एकही माणूस सापडला नाही. तिसऱ्या संध्याकाळीही पंखे रिकाम्या खुर्च्यांना वारा घालत राहिले. भावेश मोजपट्टी घेऊन आला आणि बारच्या काउंटरची लांबी घेऊ लागला. पट्टीचं दुसरं टोक धरायला माणूस नव्हतं, म्हणून त्याने ते योगिनीच्या हातात दिलं. तिने ते धरलं, आणि तिचे डोळे भरले.

"वास गेला, ताई, आणि गिऱ्हाईकही गेलं," ती करुणाला म्हणाली.

"जाणारच गो. फणस विसरायला कोण रस्त्यात उभं राहतं? त्याला बसावं लागतं. बसलं की मागवावं लागतं. आणि पोरं असली की आईस्क्रीम आलंच. ती पाटी काढ आधी. आणि बरका नासतो कशाला, त्याचा रस वाळवून साटं घाल! उन्हाला तोटा हाय काय?"

पाटी निघाली. विहिरीपलीकडे आंब्याच्या सावलीत योगिनीने एक रिकामा बाक ठेवला, कोणाला काही न सांगता. लोकांना बरोब्बर कळलं. शनिवारी फणसांना बाक पुरेना, माणसांना पुन्हा खुर्ची मिळेना. फणसाचा रस ताटांत थापून कौलांवर वाळू लागला, आणि फणसपोळीची गुंडाळी मुंबईची माणसं मागून नेऊ लागली. वासाबद्दल लिहिणाऱ्या बाईने दोन नेल्या. भावेशची मोजपट्टी कोपरापर्यंतच्या रसात हरवली. ताटं थापायला त्यालाच बसवलं होतं. बारचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. बार काढायला एक हात तरी मोकळा हवा.

महेंद्ररावांनी हे प्रकरण आपल्या यशांत धरलं. योगिनीने त्यांना मानाने श्रीफळ दिलं असतं, पण घरात नारळ नव्हता. जे होतं ते दिलं. ते छातीशी धरून महेंद्रराव भिकाजीच्या रिक्षातून घरी गेले, आणि उतरताना, नजर घारीची असूनही, मागच्या सीटवर विसरले.

भिकाजीला ते सकाळी सापडलं. बरकाच होता. देठाला त्यांचं कार्ड खोचलेलं होतं.

त्या संध्याकाळी भिकाजी बायकोपोरांना घेऊन 'अंगण'मध्ये जेवायला गेला. फाटकात योगिनीने त्याच्या कडेवरच्या दुपट्याकडे पाहिलं.

"झोपलंय?"

"झोपलंय," भिकाजी म्हणाला, आणि टोपरं नीट केलं.