मध्य विभागातले मन्सूरसाहेब

आमच्या शेजारच्या मन्सूरसाहेबांना पत्ता विचारला, तर ते ऑकलंडमधल्या आमच्या फ्लॅट बुश भागाचा सांगत नाहीत. "सरचश्मे गाव, वरचं खोरं मंडळ, मध्य विभाग, खोरासान प्रांत," असं इंग्रजीत, एका दमात सांगतात. एकदा फोनवरून पिझ्झा मागवतानाही त्यांनी हेच सांगितलं. पलीकडची मुलगी "स्वीट ॲज", म्हणजे इथल्या बोलीत "मस्त", म्हणाली आणि पिझ्झा आलाच नाही.

मुक्ता, ईशान, तुम्ही पुण्याहून सारखं विचारता, "आजी, तिकडे तुला मैत्रीण मिळाली का?" मैत्रीण नाही, हे गृहस्थ मिळाले. इराणचे निवृत्त इंजिनियर. मी जशी तुमच्या आत्याकडे राहते, तसे ते मुलाकडे.

मध्य विभाग हा त्यांचा हळवा विषय. त्यांचं फारसी बोलणारं चिमुकलं गाव डोंगराच्या पार टोकाला आहे. पूर्वी ते मध्य विभागात होतं; पुढे सरकारने नवा विभाग काढला आणि गाव त्यात टाकलं. साहेबांनी ते अजून मान्य केलेलं नाही.

"पण मध्य म्हणजे कशाच्या मध्ये होतं गाव?" मी एकदा विचारलं.

"कागदाच्या," ते गंभीरपणे म्हणाले. "डोंगर जागचा हलला नाही, खानूम. मग विभाग कसा हलला?" खानूम म्हणजे त्यांच्या फारसीत बाईसाहेब.

मी इथे नवी आले, तेव्हा आत्या हॉस्पिटलात नोकरीला, काका ऑफिसात, दोघंही सकाळीच मोटरवेला लागत. रस्त्यावर चिटपाखरू नसे. भेटेल तो विचारी, "इंडिया?" मी मान हलवायची की विषय संपला. मग एक दिवस साहेब पालेभाजीचा वाडगा घेऊन फाटकाशी आले.

"इंडिया कळलं. गाव?"

"पुणे."

"ते शहर झालं. गाव सांगा."

मी माहेरचं गाव सांगितलं. मग तालुका. मग घरं किती, पाणी कुठून येतं, सर्वांत वरचं घर कुणाचं. आम्ही फाटकाशी उभेच. इथे आल्यापासून पहिल्यांदा मला कुणी पूर्ण पत्त्यानिशी ओळखत होतं. आता इथल्या सँडरिंगहॅम भागातल्या देशी किराणा दुकानातसुद्धा ते माझी ओळख करून देतात, "या खानूम. तालुका भोर." दुकानदार म्हणतो, "नाइस, अंकल." मला हसू येतं, आणि बरंही वाटतं. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

वाडगा रिकामा परत करायचा नाही, हे त्यांच्याकडेही आहे. त्यामुळे तो एकच वाडगा आमच्या दोन घरांत फिरत असतो.

त्यांच्या गावात आता तीनच घरं नांदती उरली होती. एक बहिणीचं, मरियमबाईंचं. तिकडच्या जनगणनेत तीनपेक्षा कमी घरं भरली तर गावाची लोकसंख्या छापत नाहीत, नुसतं नाव छापतात. म्हणून साहेब दर शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, बहिणीला फोन करून तिन्ही घरांची हजेरी घेत. कुणी शहरात जायचं म्हटलं की इथून रागावत.

"बाबा, तुम्ही स्वतः ऑकलंडला आलात की," मुलगा चिडवायचा.

"म्हणून तर," साहेब म्हणायचे. "एक घर मीच कमी केलंय."

गेल्या शुक्रवारी मी वाडग्यात साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले, तर फोन चालू होता. पडद्यावर मरियमबाई, डोक्याला रुमाल, मागच्या खिडकीत बर्फ. साहेबांनी मला खुणेने बसवलं आणि मधूनमधून इंग्रजीत सांगत राहिले. झऱ्यावर बर्फावरून पाय घसरून तिचा गुडघा गेला होता. तिचा मुलगा तिला शहरात न्यायला आला होता, गाडी दारात उभी होती.

"ती म्हणते, तू सांगशील तसं."

"तुम्ही काय सांगणार?" मी विचारलं.

त्यांनी खिचडीचा वाडगा माझ्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला. "विभागाला गुडघे नसतात, खानूम," एवढं म्हणाले, आणि फोनकडे वळून फारसीत काही बोलले. मरियमबाईंनी रुमालाच्या टोकाने डोळे पुसले. मग त्यांनी काही विचारलं. साहेबांनी हळू आवाजात उत्तर दिलं आणि फोन ठेवला.

"जा म्हटलं," ते मला म्हणाले.

"आणि शेवटी काय विचारलं त्यांनी?"

"घराला कुलूप लावू का म्हणाली. नको म्हटलं. जनगणनेवाला एवढा डोंगर चढून येईल. त्याला टेकायला जागा नको?"