आम्ही कळवू

बाळ सांभाळायला बाई नेमायची असं ठरलं, तेव्हा मी सर्वप्रथम एक समिती नेमली. अध्यक्षपद ओघानेच माझ्याकडे आलं. बायको सदस्य झाली. मेव्हण्याला तज्ज्ञ म्हणून घेतलं, कारण तो कंपन्यांना माणसं निवडून देतो, आणि त्याला स्वतःला मूल नसल्यामुळे या विषयात तो पूर्णपणे निःपक्षपाती होता.

सोमवारी बायकोची रजा संपणार होती. तोवर कोणी मिळालं नाही, तर आम्हा दोघांपैकी एकाला घरी बसावं लागणार होतं, आणि तो कोण हे बायकोने माझ्याकडे नुसतं बघून सांगितलं होतं. कचेरीत माझ्या आवाजाने माणसं खुर्चीतून उठतात. पण बाळ हातात दिलं की मीच गार पडतो.

रविवारी मुलाखती झाल्या. पहिल्या बाईंनी स्वतःची मुलं वाढवली होती.

"तो घरगुती अनुभव," मेव्हणा म्हणाला. "तो धरत नाहीत."

दुसरीने रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. ते नुसतंच पुस्तकी निघालं. तिसरीकडे दोन्ही होतं, म्हणजे ती आपल्याकडे टिकणार नाही हे उघड होतं. प्रत्येकीला मी उठून, हात किंचित हलवून, "आम्ही कळवू," असं म्हणालो. सतरंजीवर बसलेलं बाळ हे सगळं बोट चोखत बघत होतं.

शेवटी एक निळी छत्रीवाली बाई आली. तिने छत्री कोपऱ्यात टेकवली आणि काही विचारायच्या आत, एव्हाना कंटाळून रडू लागलेलं बाळ कडेवर घेतलं. बाळ गप्प.

"बेकरीत होते, ती बंद पडली," ती म्हणाली. "भावाच्या घरात किती दिवस बसून खायचं? मला हे काम हवंय, साहेब."

मी हो म्हणणार, एवढ्यात मेव्हण्याने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. "दाजी, घाई नको. आधी प्रात्यक्षिक फेरी."

प्रात्यक्षिक फेरी सोमवारी सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपली. उमेदवारावर दडपण येऊ नये म्हणून समिती दिवसभर आपापल्या कचेरीत थांबली. परत आलो तेव्हा बाळ न्हाऊनमाखून, पोटभर जेवून खिदळत होतं.

"मग, साहेब?" छत्रीवालीने विचारलं.

"आम्ही कळवू," मी म्हणालो.

मंगळवारी प्रात्यक्षिकाला दुसरी बाई आली, बुधवारी तिसरी. गुरुवारी जेवताना आम्ही तिघं एकदम थांबलो आणि एकमेकांकडे बघू लागलो. निवड चालू असेपर्यंत बाळ उत्तम सांभाळलं जात होतं. धोका होता तो फक्त निवड होण्यात.

मग प्रक्रियेला खोली आणली. प्रात्यक्षिक देणाऱ्या बाईवर लक्ष ठेवायला दुसरी बाई, ही निरीक्षण फेरी. बाळ कडेवर असताना भांडी घासता येतात का, कपड्यांना इस्त्री करता येते का, ही तारेवरची फेरी. समिती सिनेमाला गेल्यावर उमेदवार घाबरते का, ही सायंकालीन फेरी. वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंनी आपली जुळी आणून सोडली, तेव्हा आम्ही ताणचाचणी सुरू केली. पाठोपाठ अख्ख्या इमारतीची पोरं आली. उमेदवारांसाठी जिन्यात खुर्च्या मांडाव्या लागल्या. माझ्या साहेबांनी तर ही पद्धत कचेरीत राबवता येईल का, असं विचारलं.

छत्रीवालीला आम्ही वरचेवर पुनर्मूल्यांकनासाठी बोलवायचो, कारण बाळ तिच्या हातून दोन घास जास्त खायचं. एकदा निघताना ती दारातच उभी राहिली.

"साहेब, हो की नाही, ते एकदाचं सांगून टाका. मला दुसरीकडेही बघता येत नाही."

"तुमचं सगळंच उत्तम आहे," मी म्हणालो. "म्हणूनच अंतिम फेरी घ्यावी लागतेय."

अंतिम फेरीची कल्पना मेव्हण्याची. हल्ली म्हणे ग्राहकाचं मत घेतात. ग्राहकाला सतरंजीवर बसवलं. छत्रीवाली आत येताच ग्राहकाने दोन्ही हात वर केले आणि तिच्या कडेवर जाऊन बसला.

"तुलनेसाठी आणखी कोणीतरी हवं," मेव्हणा म्हणाला. "दाजी, तुम्ही घ्या."

मी बाळाला घेतलं. बाळाने अंग ताठ केलं. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग हात किंचित हलवून, अगदी माझ्याच आवाजात ते म्हणालं, "कवू."

बाळाचा हा पहिला शब्द. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मला मात्र कुठेतरी खोल लागलं.

छत्रीवालीने बाळ परत घेतलं आणि अध्यक्षांच्या खुर्चीत बसली. "साहेब, याला झोपवताना कुठे थोपटावं लागतं?"

"पाठीवर?"

"कपाळावर. अनुभव काय तुमचा?"

"मी वडील आहे त्याचा."

"ते नातं झालं. मी अनुभव विचारला."

बायकोने त्याच क्षणी तिची नेमणूक जाहीर केली. मेव्हण्यानेही हात वर केला. माझं मत धरलं गेलं नाही, कारण मी आता उमेदवार होतो.

तेव्हापासून कचेरीतून आलो की मी जिन्यातल्या खुर्चीवर बसतो. प्रात्यक्षिकाला आत बोलावतात. काल बाळाने माझ्या हातून अर्धी वाटी भात खाल्ला, मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. पण नंतर त्याचा हात हललाच.

तुम्ही हसताय, हसा. फक्त जाता जाता एवढं सांगा, तुमच्या बाळाला झोपवताना कुठे थोपटावं लागतं? आठवत नसेल, तर माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. बसा. तुमचं काय ते आतून कळवतील.