चिंचोलीचं चिलट

महारुद्र मास्तर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते, तेवढ्यात गावचा कोतवाल धापा टाकीत दारात आला.

"मास्तर, चावडीवर चला! तहसीलदारसाब तळ्यात काळं तेल वतायला निघालेत!"

"हळू!" मास्तर मान न वळवता म्हणाले. "जोरात श्वास सोडू नको. मिशी उडंल."

कोतवालानं घाबरून आपली मिशी चाचपली. मास्तर बोलत होते ते काचेवर मांडलेल्या चिलटाच्या मिशीबद्दल.

माकणीच्या अलीकडच्या या चिंचोलीत वस्तानिया, म्हणजे निजामी अमलातली मधली, शाळा होती, शाळेत महारुद्र मास्तर सायन्स शिकवीत, आणि मास्तरांच्या घरी सूक्ष्मदर्शक होता. उभ्या उस्मानाबाद जिल्ह्यात दुसऱ्या कुणाच्या घरी असं यंत्र नाही, असं ते छातीठोकपणे सांगत. आणि ते खोटं ठरवायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. हैदराबादेत प्राणिशास्त्र शिकून आलेला हा माणूस गेली दोन वर्षं गावतळ्यावर संध्याकाळी ढग धरून नाचणाऱ्या चिलटांच्या मागं लागला होता. तळ्याच्या गाळातून तांबड्या अळ्या आणायच्या, हंड्यात पाळायच्या, त्यांची चिलटं झाली की एकेक काचेवर मांडून चित्रं काढायची. हे चिलट कुठल्याही पुस्तकात नाही, जगाला अगदी नवं आहे, अशी त्यांची खात्री पटली होती. त्यांच्या बायकोची, जगदेवीची, खात्री पटली होती ती एवढीच, की घरातला तांब्याचा हंडा गेला तो गेलाच.

"अवो, ह्ये काय काढलंय?" एकदा तिनं चित्राकडं बोट दाखवून विचारलं होतं.

"नराचं शेपूट."

"आन् ह्ये?"

"त्येच. खालनं."

"दोन वरसं झाली, एका चिलटाचं शेपूटच बघायलाव तुमी?"

"त्याच्यावरनंच तर जात ओळखायची असती," मास्तर अभिमानानं म्हणाले. जगदेवीनं कपाळाला हात लावला होता.

तर मास्तर चावडीवर गेले. तिथं तहसीलदारसाहेब मानेला रुमाल लावून लालबुंद होऊन बसले होते. बाहेर बैलगाडीत काळ्या तेलाची पिंपं. दोन दिवसांपूर्वी साहेब दौऱ्यावर आले, बलभीम पाटलांच्या बैठकीत मुक्काम झाला, आणि सकाळी उठले ते अंगभर गांधी घेऊन. दिव्याखाली पाहिलं तर मेलेल्या चिलटांचा खच.

"मच्छरदाणी लावली होती, पाटील! तरी आत घुसले! इतके बारीक मच्छर मी जिंदगीत पाहिले नाहीत. ही तर बुखाराची खाण आहे. तालाबावर तेल सोडा, आजच्या आज!"

बलभीम पाटील म्हणजे सहा फुटी माणूस, खांद्यावर उपरणं, मिशीला पीळ. गावात त्यांच्यापुढं कुणी आवाज चढवत नसे. पण सरकारी हुकुमापुढं त्यांचंही चालत नव्हतं. विहिरी आटत आल्या होत्या. माणसं आणि जनावरं सगळी त्या तळ्यावरच जगत होती. तेल पडलं की फाल्गुनातच गाव उठणार, हे उभ्या माणसांच्या तोंडावर दिसत होतं.

"साहेब," महारुद्र मास्तर पुढं झाले, "ते मच्छर नाहीत."

"मग काय, कबुतरं आहेत?"

"चिलटं आहेत. मच्छर बसला की मागचे पाय उचलतो, हे पुढचे उचलतं. मच्छराला सोंड असते, ह्याला नाही. ह्याला चावायचं हत्यारच नाही. नराच्या तर मिशा बघा, मोराच्या पिसावानी!"

"मिशा हायत?" पाटलांनी एकदम विचारलं.

"झुपकेदार."

पाटलांची मान जरा ताठ झाली.

"बातें नहीं," साहेब म्हणाले. "साबित करा."

इथं शहाण्या माणसानं चार दिवसांची मुदत मागितली असती. पण दोन वर्षांचा अभिमान मास्तरांच्या डोक्यात चढला होता. "उघड्या अंगानं ह्या चिलटांत बसतो, साहेब! दिवस बुडून मगरिबची अजान होईपर्यंत. एक जरी चिलट चावलं, तरी तळ्यात तेल मी स्वतःच्या हातानं वतीन!"

लोक चपापले. पाटलांनी उपरणं काढून कोतवालाकडं फेकलं. "मास्तर एकलं न्हाय बसायचं. तळं गावचं हाय. गावचा पाटील संगं बसंल."

मग तयारी झाली. बसायला साधीसुधी जागा पाटलांना चालणार नव्हती. त्यांनी बैठकीतली सागवानी बाज चावडीपुढं आणवली. कोरीव पायांची, पणजोबांच्या वेळची. "आमच्याकडं मोठा पाव्हणा आला की हीच बाज," ते साहेबांना सांगायला विसरले नाहीत. वरून साहेबांचीच मच्छरदाणी सोडली. जगदेवीनं बायका घेऊन लव्हाळ्यात दबून बसलेली चिलटं लुगड्याच्या पदरांत झाडून आणली आणि मच्छरदाणीत सोडली. आत हिरवट धुरळा उठावा तसं झालं. चिलटं मास्तरांच्या छातीवर बसली, पाटलांच्या मिशीवर बसली, नाकात गेली. चावलं एकही नाही. बाहेर लोक कुजबुजायला लागले, "न्हाय चावत, खरंच न्हाय चावत." मास्तरांची छाती इंच इंच वर आली.

आणि तेवढ्यात त्यांच्या मांडीखाली काहीतरी कडकडून चावलं.

मास्तर हसरा चेहरा ठेवून बसले. दुसरा चावा पाठीला. तिसरा कमरेला. चिलटाला तोंड नाही हे त्यांनी शंभरदा पाहिलं होतं. म्हणजे दोन वर्षांचा अभ्यास तरी पाण्यात गेला होता, नाहीतर बाजेत दुसरं कुणीतरी होतं. त्यांनी हळूच हात मागं नेला, चिमटीत एक प्राणी पकडला आणि मांडीआड पाहिला. चपटा, तांबूस, बिनपंखी. जात ओळखायला सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती.

शेजारी पाटलांची मिशी थरथरत होती.

"मास्तर," ते ओठ न हलवता म्हणाले, "चावायलंय की हो."

"चिलट न्हवं त्ये, पाटील."

"मग?"

"तुमच्या बाजेतलं हाय. ढेकूण."

"हळू बोला!" पाटील नुसत्या डोळ्यांनी ओरडले. "सात गावांत इज्जत हाय आमची. खाजवू नका!"

"मी कुठं खाजवायलोय? तुमीच हालायलाव."

"म्या न्हाय हालत. बाज हालायली."

दोघं असे दगडासारखे बसले. मास्तरांच्या मनात तळं एकीकडं आणि पाटलांची लाज एकीकडं. भर चावडीत पाटलांच्या घरातले ढेकूण काढायचे, तेही आपल्यासाठी उघडं बसलेल्या माणसाच्या? शाळेचं छप्पर याच पाटलानं घातलं होतं. त्यांनी दात आवळले. अजान फार दूर नव्हती.

पण साहेबांची नजर त्याआधी त्यांच्या पाठीवर गेली.

"ये देखो! गांधी! अशाच माझ्या मानेवर आहेत!" साहेब टाळी वाजवून उठले. "काट लिया! चला मास्तर, उठा. तेल तुम्ही ओतणार होता ना?"

जगदेवीनं तोंडाला पदर लावला. मास्तर मच्छरदाणी सारून बाहेर आले. खरं तोंडावर आलं होतं, पण पाटलांकडं पाहून ते गिळून टाकत त्यांनी पिंपाला हात लावला.

"थांबा!"

बलभीम पाटील बाजेवर उभे राहिले होते. मच्छरदाणी डोक्यावरून मुंडावळीसारखी लोंबत होती, मिशीत चिलटं अडकली होती, आणि अंगावर ठिकठिकाणी गांधी उठल्या होत्या.

"सरकार, मास्तरला चिलट चावलं न्हाय. ढेकूण चावला. आन् त्यो ढेकूण तळ्याचा न्हाय, ह्या बलभीम पाटलाच्या घरचा हाय!" त्यांनी खाली उतरून बाज उचलली आणि दणकन जमिनीवर आपटली. सागवानी खोबणींतून काळ्या तिळासारखं बरंच काही मातीवर सांडलं आणि पळायला लागलं. "बघा! चार पिढ्यांचं हायत!"

सगळं गाव पाटलांकडं पाहत राहिलं. हसायची कुणाची छाती झाली नाही. पाटलांनी हे अशा ताठ मानेनं सांगितलं होतं, की गुन्हा कबूल केला की मानाची वस्तू दाखवली, हेच कळेना.

साहेबांचा हात आपोआप मानेकडं गेला. "पाटील... परवा रात्री मी..."

"हीच बाज, सरकार. मोठ्या पाव्हण्याला आमी हीच देताव."

साहेबांच्या तोंडाचा रंग दोनदा बदलला. तालाबाच्या मच्छरांनी हैराण केलं असं वर कळवता येत होतं; सरकारी अंमलदाराला पाटलाच्या ढेकणांनी खाल्लं, हे कसं कळवणार? ते घसा खाकरून म्हणाले, "मास्तर, तुमची तहकीकात बरोबर दिसते. तालाब एकदम साफ आहे. पिंपं परत न्या." आणि कुठल्याच बाजेवर न टेकता ते दिवस मावळायच्या आत ढोकीच्या वाटेला लागले.

त्यानंतर मास्तरांनी चिलटांच्या काचा आणि चित्रं कलकत्त्याच्या एका जाणकाराकडं पाठवली. पावसाळा संपता संपता उत्तर आलं: चिलट खरंच नवं आहे, वर्णन छापू, नाव कळवा. मास्तर तसेच पाटलांकडं गेले.

"पाटील, गावासाठी तुमी आपली लाज पणाला लावली. ह्या चिलटाला तुमचं नाव देतो. जग असेपर्यंत राहील."

पाटील हरखले. मिशीवर हात गेला. मग त्यांनी विचारलं, "चावत न्हाय म्हंजे अजिबात न्हाय?"

"न्हाय."

"खातं काय?"

"मोठं झाल्यावर काहीच न्हाय. चार दिवस नाचतं आन् मरतं."

पाटलांनी मिशीवरचा हात खाली घेतला. "मग नगं," ते म्हणाले. "चावत न्हाय, खात न्हाय, नुस्तं नाचतं. असल्याला पाटलाचं नाव शोभत न्हाय. गावाचं द्या."

अशा रीतीनं चिंचोलीचं नाव लॅटिनात गेलं. पाटलांनी दवंडी पिटवली. जगदेवीनं गल्लीत पेढे वाटले आणि शेपटाचं चित्र येईल त्याला स्वतः समजावून सांगितलं, अगदी खालच्या बाजूसकट.

पुढल्या वर्षी तहसीलदारसाहेब पुन्हा दौऱ्यावर आले. पाटलांनी लोखंडी खुर्ची दिली, चहा मागवला. संध्याकाळची वेळ, तळ्यावरून एक चिलट भिरभिरत आलं आणि नेमकं साहेबांच्या कपात पडलं. साहेबांनी कपाळाला आठ्या घालून कप खाली ठेवला.

"राहू द्या, राहू द्या सरकार," बलभीम पाटील दोन्ही हातांनी कप पुन्हा पुढं करीत म्हणाले. "ह्ये खुद्द निजामसरकारच्या चहातबी मिळायचं न्हाय. फकस्त चिंचोलीत मिळतं!"