पावसाचं मी बघतो

पाऊस पडला की सगळं सुराबाया शहर घोटाभर पाण्यात उभं राहतं, आमची गल्ली सोडून. हे मी कुणासमोरही छातीठोकपणे सांगतो, कारण या गल्लीचा अध्यक्ष मी आहे. टोकाच्या मोकळ्या जागेत पूर्वी फाटक्या गाद्या, मोडक्या खुर्च्या आणि मांजरांची बाळंतपणं असायची. दर रविवारी घरटी एक माणूस राबला आणि तिथे केळी, वांगी, मिरच्यांचे वाफे उभे राहिले. मिरच्या तर अशा लागल्या, की शेजारच्या गल्लीतले लोक उगाचच इकडून जायला लागले. शिवाय गल्लीच्या फरशीत ठिकठिकाणी हातभर खोल भोकं पाडून आम्ही त्यांत पालापाचोळा भरला. पडलेलं पाणी थेट जमिनीच्या पोटात!

भानगड एवढीच होती, की बागेची जागा सरकारी. तिथे ट्रक उभे करायला मिळावेत म्हणून एका गोदामवाल्यानं अर्ज केला होता. रविवारी सरकारी कचेरीतल्या विदायातीबाई येऊन बघणार आणि बाग ठेवायची की ट्रक, ते ठरवणार होत्या.

मी मनातल्या मनात बेत आखला. पावसाळ्यात आमच्याकडे दुपारी तीनचा पाऊस ठरलेला. बाईंना त्याच्या जरा आधी बोलवायचं, त्यांच्या डोळ्यांदेखत धो धो कोसळू द्यायचं आणि पाणी भोकांत गडप होताना दाखवायचं. बेत मी बायकोलाही सांगितला नाही. सभेत फक्त एवढंच म्हणालो, "तुम्ही सजावट बघा. पावसाचं मी बघतो."

रविवारी दुपारी आभाळ काळंकुट्ट झालं. मी खूश होऊन बागेत गेलो आणि जागच्या जागी थिजलो. वाफ्यांत झाडं होती, पानं होती, मिरची मात्र औषधालाही नव्हती.

बोंबलतच गल्लीत आलो. पोनिराहकाकूंच्या दारातल्या कुंडीत खराट्याची एक काडी उभी होती. काडीवर लाल मिरची, तिच्याखाली छोटा कांदा.

"काकू, हे काय?"

"दिसत नाही? पाऊस थांबवायला खोचलीय. बाईंसाठी पिवळ्या भाताचा एवढा डोंगर रचलाय मी. भिजला तर काय पेज म्हणून वाढू?"

"पण मी म्हणालो होतो ना, पावसाचं मी बघतो?"

"म्हणून तर खोचली. गेल्या वर्षी तुम्ही गल्लीचा दिवा बघणार होतात. अजून चाचपडत चालतोय आम्ही."

पुढच्या दारात कुस्नादी. त्याला भाड्याच्या कर्ण्यांची काळजी, म्हणून त्याच्या पाच काड्या. त्यापुढच्या दारातही तेच. आणि माझ्या स्वतःच्या दारात तर बायकोनं, आमच्या लास्त्रीनं, काड्यांचं कुंपणच घातलेलं.

"तुमचा बाटिकचा शर्ट नवा आहे," ती म्हणाली. "भिजला तर रंग जाईल."

मी काड्या उपटत सुटलो. मी एक उपटायचो, मागे दोन खोचल्या जायच्या. वर ढग पांगायला लागले. विदायातीबाई गाडीतून उतरल्या, तेव्हा पापड वाळत घालावेत असं ऊन पडलं होतं.

"पाणी कुठे मुरतं म्हणालात?"

"इथे," मी बोट दाखवलं. भोकातून एक झुरळ बाहेर आलं आणि निघून गेलं.

"कोरड्या भोकावर मी काय शेरा मारणार, अध्यक्ष? गोदामवाल्याचे कागद पक्के आहेत."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आमचे सगळे रविवार मला ट्रकच्या चाकाखाली दिसायला लागले. "खरं तर बाई, आज मला पाऊस हवा होता," मी कसाबसा म्हणालो. "म्हणून तर तुम्हाला या वेळेला बोलावलं."

मग पोनिराहकाकू कडाडल्या, "अहो, मग तसं सांगायला काय तोंड शिवलं होतं?" आणि तरातरा घरात गेल्या. न्हाणीच्या हौदातलं पाणी बादलीभर घेऊन आल्या आणि फरशीवर ओतलं. मग कुस्नादी आला. मग लास्त्री आली. मग झाडून सगळी घरं. ज्यांनी पाऊस अडवला होता तेच आता पाऊस पाडत होते. गल्लीतून ओढा वाहायला लागला, बाईंनी चपला हातात घेतल्या. आणि मंडळी, ते सगळं पाणी गुडगुड करत भोकांत शिरलं आणि बघता बघता फरशी मोकळी झाली. मला रडूच आलं. अशी गल्ली साऱ्या शहरात नाही, हे मी आजही सांगतो.

"बाग राहील," विदायातीबाई म्हणाल्या. कुस्नादीनं कर्णे असे लावले की पुढचं कुणाला काही ऐकूच आलं नाही.

गाडीत बसता बसता बाईंनी मला खुणेनं जवळ बोलावलं. भोकांची स्तुती ऐकायला मी नम्रपणे वाकलो.

"अध्यक्ष, निघाले तेव्हा आभाळ गच्च भरलं होतं. इथे येईपर्यंत एक ढग नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पुढच्या रविवारी माझ्या मुलीचं लग्न आहे, मोकळ्या मैदानात. तुमच्या गल्लीला जमेल का?"

मी तोंड उघडायच्या आत माझ्या खांद्यावरून पोनिराहकाकूंनी मान पुढे काढली.

"जमेल की. मिरच्या तेवढ्या तुमच्या आणा."